पहिलीच्या मुलांना आकृतिबंध शिकवताना 'पुढे काय येईल?' याच्या पलीकडे काय घ्यावं?

लाल, निळा, लाल, निळा यापुढे 'लाल' असं मुलं झटकन सांगतात आणि पाठ दहा मिनिटांत संपतो, असं तुम्ही लिहिलंय. माझ्याही वर्गात हेच व्हायचं, आणि मुलांना समजलं असं मी धरून चालायचे. मग एकदा लाल-लाल-निळा अशी रांग लावली, तर बऱ्याच जणांनी ती पुढे लाल, निळा, लाल, निळा अशीच नेली. रंग आलटून पालटून येतात एवढंच त्यांनी पकडलं होतं. एक अख्खा तुकडा पुन्हा पुन्हा येतो हे त्यांना दिसलंच नव्हतं.

म्हणून माझं सांगणं असं, की 'पुढे काय?' विचारण्याआधी 'कोणता तुकडा परत परत येतोय?' हे विचारा आणि सगळा पाठ त्याभोवती आखा.

मी एकमेकांत अडकणारे ठोकळे वापरते. लाल-लाल-निळा चार वेळा, म्हणजे 12 ठोकळ्यांची कांडी प्रत्येक जोडीला द्यायची आणि सांगायचं, 'अशी तोडा की सगळे तुकडे अगदी सारखे होतील.' मुलं तोडतात, तुकडे शेजारी शेजारी ठेवून जुळवून बघतात. कुणी सहा-सहाचे दोनच तुकडे करतं. ते चूक नाही. 'याहून लहान जमतील का?' एवढंच विचारा. या कामाला घाई करू नका, अख्खी तासिका गेली तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी तोच आकृतिबंध हातांनी: लाल म्हणजे टाळी, निळा म्हणजे मांडीवर थाप. (चुटकी नको, या वयात बऱ्याच जणांना ती वाजत नाही.) मग चौकोन-चौकोन-गोल असा चित्रात. 'वस्तू बदलल्या, मग सारखं काय राहिलं?' या प्रश्नावर मुलं जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. रांगेला क-क-ख असं नाव दिलं की त्यांना बोलणं सोपं जातं.

रांग लावताना तुकडा निदान तीनदा पूर्ण दाखवा. नुसतं 'लाल, निळा' दाखवलं तर पुढे काहीही येऊ शकतं, आणि मुलाचं वेगळं उत्तरही बरोबरच असतं. कधी कधी रांग तुकड्याच्या मध्येच थांबवा. मधला ठोकळा झाकूनही विचारा; तेव्हा मुलांना दोन्ही बाजूंना बघावं लागतं. कृतिपत्रिका सगळ्यात शेवटी.

दुसरीच्या मुलांसाठी क-ख-ग घ्या आणि प्रत्येक ठोकळ्याखाली क्रमांक लिहा. ग येतो 3, 6, 9, 12 वर. मग विचारा, विसाव्या जागी काय? आधी मुलं बोटाने मोजत जातात. मग कुणीतरी म्हणतं, 'अठराला ग संपला, एकोणिसावा क, विसावा ख.' तीनचा पाढा आणि भागाकारातली बाकी, दोन्ही इथेच डोकावतात.

स्वतःचा आकृतिबंध करायला सांगाल तेव्हा काही जण नुसती रंगीत लांबलचक रांग करतील. 'चुकलं' म्हणू नका. 'तुझा तुकडा कुठे संपतो, बोट ठेव,' एवढंच म्हणा आणि थांबा. बोट ठेवायला जागा सापडली नाही की बहुतेक मुलं रांग स्वतःच मोडून पुन्हा लावायला घेतात.