आठ दिवसांत स्कॉटलंडचे गोल्फचे किती लिंक्स कोर्स होतील? एजंटचं पॅकेज घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा: सोलापूरचे चौघं मित्र, येत्या जूनमध्ये आठ दिवस स्कॉटलंड, समुद्रकाठचे जुने गोल्फ कोर्स (लिंक्स म्हणतात ते) खेळायचेत, एजंट सात कोर्सचं पॅकेज देतोय, घ्यावं का?

घेऊ नका. का ते सांगतो, जरा लांबेल.

२०२३ च्या सप्टेंबरात आम्हीही चौघंच गेलो होतो. मी, माझा मेव्हणा आणि त्याचे पुण्याचे दोन मित्र. माझा धंदा टॉवेलचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. गोल्फच्या बॅगेला अडकवायच्या छोट्या टॉवेलची ऑर्डर आली म्हणून पुण्याला कोर्सवर गेलो आणि चाळिशीनंतर हे वेड लागलं. पहाटे हुतात्मा पकडायची, येरवड्याला खेळायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. बायको म्हणायची, एवढ्या पैशात शेतात दुसरी विहीर झाली असती. झालीही असती.

पॅकेज मेव्हण्यानं ठरवलं. सात दिवसांत सहा कोर्स, व्हॅन आणि ड्रायव्हरसकट. कागदावर एका दिवसापुढं नुसतं 'सेंट अँड्र्यूज' लिहिलेलं. मी दोनदा विचारलं, अरे, नेमका कुठला? तर म्हणाला, "दाजी, सेंट अँड्र्यूज म्हणजे सेंट अँड्र्यूज. सोलापुरात सिद्धेश्वर किती आहेत?"

सिद्धेश्वर एकच आहे. सेंट अँड्र्यूजला मात्र सात कोर्स आहेत. त्यातला 'न्यू' १८९५ चा, म्हणजे नावालाच नवीन. आम्हाला मिळाला कॅसल कोर्स, २००८ चा, गावाबाहेर कड्यावर. कोर्स वाईट नाही, समुद्र तर असा दिसतो की बॉलकडं लक्ष राहत नाही. पण आम्ही ज्याच्यासाठी कर्ज काढल्यासारखा खर्च केला तो ओल्ड कोर्स नव्हता. गोल्फची फेरी अठरा होलची का, तर १७६४ मध्ये इथल्या लोकांनी बावीसची अठरा केली म्हणून. त्याच्या दारात जाऊन आम्ही दुसरीकडं खेळत होतो. मेव्हण्यानं एजंटला फोन लावला. एजंट शांतपणे म्हणाला, कागदावर सेंट अँड्र्यूज आहे, तेच दिलंय. यात त्याचं काय चुकलं सांगा.

ओल्ड कोर्सवर खेळायला बॅलट असतं, म्हणजे सोडत. खेळायच्या दोन दिवस आधी दुपारी दोनपर्यंत नावं द्यायची, किमान दोघं हवेत, आणि प्रत्येकाचा क्लबकडून नोंदलेला हँडिकॅप हवा, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा. आमचं घोडं तिथंच अडलं. मेव्हण्याकडं कार्डच नव्हतं. "मी अठराचा खेळाडू आहे" हे तो गेली दहा वर्षं तोंडी सांगतोय. तोंडी अठरा तिथं कोण धरणार? बाकी दोघांना पॅकेजमधला दुसऱ्या दिवशीचा कोर्स, कार्नुस्टी, सोडायचा नव्हता, पैसे भरलेले.

मी सोडलं. भांडण आहे ते इथंच. आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात, पंगत बसली की मेव्हणा सुरू होतो: "दाजींनी भरल्या पैशाचं कार्नुस्टी सोडलं आणि रात्रभर रस्त्यावर बसले."

बसलो, हो. तेव्हा ओल्ड कोर्सवर एकट्यानं खेळायला आलेल्या माणसासाठी वेगळी रांग असायची, ओल्ड पॅव्हेलियनच्या बाहेर. रात्री दोनला जाऊन उभा राहिलो तर पुढं नऊ जण. समुद्रावरनं असा वारा की कानशिलं दुखायला लागली. आईनं बॅगेत बळंच कोंबलेली चादर काढली आणि डोक्यावरनं घेतली, गड्ड्याच्या जत्रेत म्हातारी माणसं घेतात तशी. शेजारच्या पोरानं चादरीचा काठ बोटांत धरून विचारलं, हे कुठलं विणकाम? तो नदीपलीकडच्या डंडीचा, त्याची आजी ज्यूट गिरणीत होती. बंगालचा ज्यूट तिकडं जायचा, व्हेल माशाच्या तेलानं मऊ करायचे आणि गोण्या विणायचे. सगळं बंद पडलं, आता एका गिरणीचं म्युझियम आहे. मी म्हटलं, आमच्याकडंही भोंगे कधीच थांबले. मग अर्धी चादर त्याच्याकडं आणि अर्धी माझ्याकडं, असे उजाडेपर्यंत बसलो.

दुपारी एकला नंबर लागला. पहिला फटका, मागं पन्नास माणसं बघतायत, आणि माझा बॉल उडालाच नाही. साठ यार्ड घरंगळत गेला. कुणी हसलं नाही. तिथली जमीन कडक, बॉल पळतच राहतो. मी जायच्या आधी दोन महिने शेताकडच्या माळावर, शेळ्यांमधनं वाट काढत, सात नंबरच्या काठीनं बॉल जमिनीलगत मारत होतो, ते कामाला आलं. पुण्यातल्यासारखा उंच उडवला की वारा घेऊन जातो. बंकर म्हणजे वाळूचे खड्डे, ते मेंढ्यांनी वाऱ्यापासून आडोसा म्हणून उकरले असं सांगतात. आत उभं राहिल्यावर पटतं, माणूस असं काही बांधणार नाही. सतराव्या होलच्या बंकरमध्ये चार फटके गेले. एकूण १०७.

मेव्हण्यानं त्याच दिवशी कार्नुस्टीला शेवटच्या होलवरच्या ओढ्यात तीन बॉल घालवले. १९९९ च्या ओपन स्पर्धेत व्हॅन डी व्हेल्ड या फ्रेंच खेळाडूनं जिथं तीन फटक्यांची आघाडी घालवली तोच ओढा, म्हणून त्याला त्याचाही अभिमान आहे. असू दे.

नंतर ते तिघं व्हॅननं पुढं गेले, मी तिथंच राहिलो. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो, सगळं गाव फिरायला येतं. कुत्री, बाबागाड्या, फेअरवेच्या हिरवळीवर पोरं लोळतायत. एरवीसुद्धा पहिल्या आणि अठराव्या होलमधून सार्वजनिक रस्ता जातो, माणसं जाईपर्यंत खेळणारे थांबतात. आपलं होम मैदान आठवलं. आपल्याकडं गोल्फ म्हटलं की भिंत आणि वॉचमन. तिथं ती जमीनच सार्वजनिक आहे. हे मला कार्नुस्टीत कळलं असतं का? मेव्हण्याकडं उत्तर नाही, तो विषय बदलतो.

आता तुमचं. आठ दिवसांतले चार सेंट अँड्र्यूजला काढा, तेही रविवार धरून, आणि रोज बॅलट भरा. लागलं नाही तर तिथलेच न्यू किंवा जुबिली हे कोर्स खेळा, कमी नाहीत. गावात रेल्वे नाही, लूकर्सला उतरून बस. दोन दिवस एडिनबरोला राहा. तिथून नॉर्थ बेरिकला ट्रेननं अर्धा तास लागतो. पंधरावं होल 'रेडान', जगभर त्याच्या नकला झाल्यात, आणि एका होलला तर दगडी भिंतीवरून मारावं लागतं. मसलबराला नऊच होल, तेही घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात. पण होलचा सव्वाचार इंची व्यास तिथल्याच होल पाडायच्या कटरवरून आला म्हणतात. प्रेस्टविकला १८६० मध्ये पहिली ओपन झाली, पण ते पश्चिमेला आहे. ओढाताण करायची नसेल तर सोडा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी करता येतो, हे धरून तिकिटं काढा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण म्हणून दिवसाला दोन फेऱ्या ठरवू नका. बगी, म्हणजे कोर्सवर फिरायची छोटी गाडी, विसरा, चालायचं आहे.

एक राहिलंच, मी सांगितली ती रांग २०२४ पासून बंद झाली. आता एकट्यानं आदल्या दिवशी तिथं जाऊन नाव द्यायचं, त्याचीही सोडत निघते. शिवाय माझं ऐकलंत आणि एकदाही नंबर लागला नाही, तर मला बोलू नका, तसंही होतं. तुमच्यात कुणाचे गुडघे दुखत असतील तर व्हॅनवाल्या पॅकेजला अगदीच नावं ठेवता येणार नाहीत. घेतलंतच तर एजंटकडून 'ओल्ड कोर्स' हे शब्द आणि वेळ लिहून घ्या.

आणि चौघांचीही हँडिकॅप कार्डं आत्ताच काढा. मेव्हणा पुढच्या वर्षी पुन्हा जायचं म्हणतोय. परवा फोन आला, "दाजी, बॅलटला माझं नाव तुमच्याबरोबर टाका." म्हटलं, कार्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, टाकतो. अजून आलेलं नाही.