ठेकेदाराच्या कागदावर सही करण्याआधी

ताई, नवरा कामावर अपघातात गेल्याची तुमची पोस्ट दोनदा वाचली. 'ठेकेदार चार लाख आणून देतोय, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर सही मागतोय, दीर म्हणतात घेऊन टाक.' रक्कम सोडली तर 2021 मधलं माझंच घर.

एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम हे तुम्ही गोळा केलंच असेल, त्यावर लिहीत नाही.

मी सही केली होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, तीन लाखांवर. 'पूर्ण व अंतिम, यापुढे कंपनी वा ठेकेदाराविरुद्ध तक्रार नाही.' पण खरं नुकसान सहीने केलं नाही. ते केलं एका सरकारी कार्यालयातल्या टेबलाने. तिथले साहेब कागद बघून म्हणाले, "बाई, सही केलीत ना? मग संपलं." मी ते खरं मानलं. पुढे कुणी सांगितलं म्हणून परत गेले, तर "तुमचा माणूस ठेकेदाराचा, कंपनीचा संबंध नाही." पुन्हा गेले, तर साहेब रजेवर. असे वीस महिने गेले. दावा करायची मुदत दोन वर्षांची, हे त्या टेबलाने एकदाही सांगितलं नाही.

बाविसाव्या महिन्यात वकिलीणबाई भेटल्या. त्यांनी सांगितलं ते असं: मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडे, म्हणजे भरपाईचे दावे बघणाऱ्या कामगार न्यायालयातल्या अधिकाऱ्याकडे, जमा करायची असते, बायकोच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरत नाहीत. हक्क सोडल्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही. आणि ठेकेदाराचा माणूस कंपनीच्या कामावर गेला, तर मूळ कंपनीवरही दावा लागतो. आम्ही दोघांनाही पार्टी केलं. ठेकेदाराच्या तीन लाखांतले तीन महिन्यांच्या पगाराएवढेच आगाऊ म्हणून वजा झाले.

हिशोब सांगते, म्हणजे चार लाखांचा मोह सुटेल. ह्यांचा पगार 24,000, पण कायदा 15,000 च धरतो. त्याचा निम्मा 7,500, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयाचा आकडा. चाळिसाव्या वर्षासाठी तो 184.17. म्हणजे 13,81,275, वर 12 टक्के व्याज. वय कमी तेवढा आकडा मोठा. माझ्या मुलांचा हिस्सा एफडीत अडकवला, तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरं झालं, दिरांच्या ट्रॅक्टरला गेला नाही.

हे सगळं पगार स्लिपवर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलेला नसेल तर. कापत असतील तर हा दावा चालत नाही, तिकडून पगाराच्या प्रमाणात दरमहा पेन्शन येतं. पीएफ, त्यासोबतचा विमा आणि विधवा पेन्शन मात्र वेगळं, ते दोन्हीकडे मिळतं. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं भरलेली नसली तरी मृत्यूत मिळते. "बसत नाही" म्हणणाऱ्याला नियम दाखवायला सांगा.

मी वकील नाही. माझं प्रकरण 1923 च्या जुन्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली कामगार न्यायालयात चाललं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे नंबर बदलले. तुमच्या तारखेला काय लागू ते वकिलाकडूनच घ्या. टक्केवारी मागणारा नको, माझं मत.

तोवर कुठल्याही टेबलावर तोंडी बोलू नका. अर्ज दोन प्रतींत, एकीवर आवक शिक्का. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने, नोंदणी आणि पोचपावतीसह. ठेकेदाराला एवढंच म्हणा, "पैसे आयुक्तांकडे भरा." आमचा ठेकेदार ते ऐकून पुन्हा घरी आला नाही.

तुमच्या यजमानांच्या बँकेचं पासबुकही बघा. वर्षातून एकदा वीस रुपये कापले जात असतील तर तो अपघात विमा आहे, दोन लाखांचा. माझ्या वेळी बारा होते.

आणि त्यांचं सिम बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा. पीएफला तोच नंबर जोडलेला असेल तर ओटीपी त्यावर येऊ शकतो, आणि सुपरवायझरने त्या दिवशी 'ड्युटीवर ये' म्हणून पाठवलेला मेसेजही त्याच फोनमध्ये असेल.