रिन्यूअलच्या फायलीवर सही होण्याआधी

बेळगाव

अनेक आशीर्वाद.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एचआरला लागलीस आणि पहिल्याच वर्षी ग्रुप मेडिक्लेमचं, म्हणजे सगळ्या कामगारांच्या एकत्रित आरोग्य विम्याचं, रिन्यूअल तुझ्या गळ्यात पडलं. ब्रोकरनं पाठवलेला तक्ता तू मला धाडलास आणि खाली लिहिलंस, 'काका, तीन कोटेशनं आहेत, यातलं चांगलं कुठलं?'

त्या तक्त्यावरून ते मला सांगता येणार नाही, तुलाही कळणार नाही. तो तक्ता मालकासाठी केलेला असतो. शेवटच्या ओळीत प्रीमियम असतो आणि टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांचे डोळे आधी तिथंच जातात. तू गेल्या वर्षीची पॉलिसी शेजारी घेऊन बस. गेल्या वर्षी कंपनी किंवा विमा कंपनी जे सोसत होती, त्यातलं यंदा कामगाराच्या खिशाकडे काय सरकलंय, एवढंच शोध. गेल्या काही वर्षांत या सगळ्या व्यवहारात जे बदललंय ते मुख्यतः हेच आहे की.

आमच्या वेळी उद्यमबागेत दोनच गोष्टी होत्या: ईएसआय (पगारातून वर्गणी कापून मिळणारा सरकारी कामगार विमा), नाहीतर मालकाची मर्जी. ग्रुप पॉलिसी बँकांत आणि मोठ्या कंपन्यांत असायची. २०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाउन सैल करताना केंद्रानं कारखान्यांना घातलेल्या अटींत कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा केला, आणि मच्छे-होनग्यापर्यंतच्या लहान शेडवाल्यांनाही हा विषय ऐकून माहीत झाला. कोविडनंतर क्लेम वाढले, दवाखान्यांचे दर वाढले, प्रीमियम चढला. चढलेला प्रीमियम मालकाला नको असतो. मग ब्रोकर म्हणतो, 'साहेब, तेवढ्याच पैशात बसवून देतो.' ते बसवून देणं म्हणजे आईवडील बाहेर, क्लेमच्या दहा-वीस टक्के को-पे (तेवढा हिस्सा कामगारानं स्वतः भरायचा) आत आणि खोलीभाड्याला मर्यादा. वर मोबाइलवरून डॉक्टरचा सल्ला, वर्षातून एकदा रक्ततपासणी आणि चष्म्यावर सवलत. तक्त्यात टिकमार्कच्या रकान्यांची संख्या वाढलेली दिसते. मालक खूश.

या नव्या गोष्टी निव्वळ शोभेच्याच असतात असं मात्र मी म्हणणार नाही. ओपीडीचा खर्च देणारं कलम चांगलं असेल तर साखरेच्या, बीपीच्या माणसाला वर्षभर खरा आधार होतो. मानसिक आजाराला इतर आजारांसारखंच विम्यात धरलं पाहिजे असं २०१७ चा कायदा सांगतो, ते पॉलिसीत नीट आलंय का तेही बघ. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांत चाळिशीपुढच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी द्यायची आहे. ती कायद्यानं द्यायची गोष्ट ब्रोकर 'आमच्याकडून भेट' म्हणून दाखवत असेल तर हसून पुढं जा.

आता खोलीभाड्याचं, कारण भांडणं इथंच होतात. समज, तीन लाखांचं कव्हर आहे आणि खोलीला एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. दवाखान्यात जनरल वॉर्ड भरलेला, म्हणून मुलगा वडिलांना ६,००० च्या खोलीत ठेवतो. चार दिवसांचे वरचे १२,००० आपण भरू, असं त्याच्या डोक्यात असतं. पण सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं खोलीच्या दराशी बांधलेलं असतं. ते ८०,००० झाले असतील तर विमा कंपनी त्यातलेही निम्मेच धरते, कारण खोलीची मर्यादा निम्मी होती. म्हणजे खिशातून गेले ५२,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांना ही कपात लावायची नाही असा विमा नियामकाचा (आयआरडीएआयचा) नियम आहे. तरी बिलाचा कागद आला की हे तपास आणि तिथं कात्री लागली असेल तर लेखी हरकत घे. त्यापेक्षा सोपं म्हणजे रिन्यूअलच्या वेळीच 'खोलीला मर्यादा नको, नाहीतर सिंगल रूम एवढंच लिहा' असं मागायचं. त्यानं प्रीमियम थोडा वाढतो, तिथं मालकाशी वाद घालायची तयारी ठेव. जिमच्या सवलतीवर वाद घालू नकोस, ती जाऊ दे.

ईएसआयबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण तुझ्या कारखान्यात सगळ्यात मोठा खड्डा तिथं आहे. ईएसआयची पगारमर्यादा २०१७ च्या जानेवारीपासून २१,००० रुपये आहे. वीस हजार मिळवणाऱ्या मोल्डरच्या पगारातून पाऊण टक्का, म्हणजे १५० रुपये कापले जातात. कंपनी सव्वातीन टक्के, म्हणजे ६५० भरते. त्या आठशे रुपयांत त्याला, बायकोमुलांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळतात, आणि त्याला तीन लाख-पाच लाख असा आकडा नसतो. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के मजुरी मिळते ती वेगळीच. अशोकनगरच्या ईएसआय दवाखान्यातल्या रांगेला आणि रेफरच्या चिठ्ठीला लोक शिव्या घालतात, मीही घातल्यात. पण मोठं आजारपण आलं की ती रांग किती मोलाची ते कळतं.

मग त्याला दीड हजारांची वाढ मिळते आणि पगार २१,००० च्या वर जातो. घरी पेढे येतात. चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर नाहीतर मार्चअखेर, ईएसआयची वर्गणी सुरू राहते आणि मग बंद; भरलेल्या वर्गणीवर उपचार पुढं काही महिने मिळतात, मग तेही थांबतात. आता तो तुझ्या ग्रुप पॉलिसीत आला, तीन लाखांच्या आत आणि आईवडिलांना बाहेर ठेवून. पगारवाढीच्या पत्रात यातलं एक अक्षर नसतं. अशा उंबरठ्यावरच्या माणसांची यादी दर सहामाहीला काढ आणि त्यांना आधी बोलावून सांग. घरात कुणाचं डायलिसिस किंवा कॅन्सरचे उपचार चालू असतील तर त्या महिन्यांत काय करायचं ते तरी त्याला ठरवता येईल. शिवाय ईएसआयतून बाहेर पडलेल्या माणसाला फर्नेसवर अपघात झाला तर भरपाईचा बोजा थेट कंपनीवर येतो. त्यासाठीची वेगळी पॉलिसी चालू आहे का ते अकाउंट्सला विचार, मेडिक्लेमवर भागवू नकोस. ठेकेदाराच्या माणसांची ईएसआय ठेकेदार खरोखर भरतो का, त्याची चलनंही महिन्याला बघत जा. त्यानं बुडवली तर ती मूळ कंपनीला भरावी लागते.

आपल्या भागाचं म्हणून एक वेगळंच त्रांगडं आहे. तुझ्या हजेरीपटात खानापूरची माणसं आहेत, निपाणीची आहेत आणि रोज चंदगडकडून येणारीही आहेत. काम कर्नाटकात, रेशनकार्ड महाराष्ट्राचं. चंदगडवाल्याला महात्मा फुले जन आरोग्य योजना चालते. ती आता सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे आणि कुटुंबाला पाच लाखांपर्यंत आहे. खानापूरवाल्याकडे बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये पाच लाखांपर्यंत, नसेल तर पॅकेजच्या तीस टक्के आणि तेही वर्षाला दीड लाखांच्या मर्यादेत. वडील सहकारी सोसायटीचे सभासद असतील तर कर्नाटकाची यशस्विनी आरोग्य योजना आहे. २०१८ मध्ये बंद पडलेली ती योजना २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली, पण नोंदणीची मुदत ठरलेली असते आणि अटी बारीक आहेत. फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांनाही द्यायचा निर्णय महाराष्ट्रानं २०२३ मध्ये घेतला, त्याला कर्नाटकानं हरकत घेतली. त्या वादावर माझी मतं तुला ठाऊक आहेत, ती इथं नकोत. एचआरच्या खुर्चीत बसून त्या भरवशावर कुणाला ॲडमिट व्हायला मात्र सांगू नकोस.

विमा कंपनीला सीमा नसते, पण तिच्या दवाखान्यांच्या यादीला असते. ब्रोकर बेळगावचे चार मोठे दवाखाने दाखवून मोकळा होतो. निपाणीचा माणूस छातीत दुखलं की कोल्हापूर गाठतो आणि आपल्याकडची जुनी घरं आजही मोठ्या दुखण्याला मिरजेला जातात. ती नावं यादीत आहेत का विचार. नसली तर २०२४ च्या जानेवारीपासून विमा कंपन्यांनी यादीबाहेरच्या दवाखान्यांतही कॅशलेस (बिल विमा कंपनीनं थेट दवाखान्याला भरणं) द्यायची सोय केलीय. ठरवून ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी कळवायचं, तातडीचं असेल तर दाखल झाल्यापासून ४८ तासांत. दवाखाना तयार असावा लागतो, तरी विचारायचं. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या नियामकाच्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची मंजुरी अर्जापासून एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत आली पाहिजे. तीन तासांपुढं जो जादा खर्च होईल तो विमा कंपनीनं सोसायचा. रात्री आठ वाजता डिस्चार्ज अडकलेल्या नातेवाइकाच्या हातात हे वाक्य असलं की काउंटरवरचा सूर बदलतो.

म्हणून एक पानी कागद कर. पॉलिसी इंग्रजीत, मास्टर कॉपी कपाटात आणि कामगाराच्या हाती फक्त कार्ड, असं चालत नाही. एका बाजूला मराठी, मागं कन्नड. खोलीची मर्यादा, को-पे, कुणाकुणाला कव्हर, टीपीएचा (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्या संस्थेचा) फोन, लग्न किंवा बाळंतपण झालं की किती दिवसांत नाव घालायचं, एवढंच. नवजात बाळाचं नाव राहून गेल्यामुळं अडलेले क्लेम मी पाहिलेत.

आईवडिलांना काढलंय, तर काय? बऱ्याच ठिकाणी 'हवे असतील तर स्वतःच्या पगारातून भरा' असा पर्याय देतात. इथं तुझी माणसं हिशेब विचारतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य झाला, ग्रुपवर अठरा टक्के तसाच आहे. तीस हजारांच्या प्रीमियमवर ५,४०० जास्त. ऐकणाऱ्याला वाटतं, बाहेरची पॉलिसी स्वस्त. पण बाहेरच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं (पूर्वी चार होती), आणि ग्रुपमध्ये बहुधा पहिल्या दिवसापासून कव्हर असतं. वडिलांना साखर असेल तर ते ५,४०० भरलेले बरे. आईवडील पन्नाशीतले आणि ठणठणीत असतील तर बाहेरची घ्यावी, म्हणजे थांबायची मुदत आत्ताच सुरू होते.

तेच तुलाही सांगतो. तुझी स्वतःची एक लहान पॉलिसी आजच काढ. कंपनीचं कव्हर नोकरी सुटली की संपतं. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, मागची वर्षं मोजूनही घेतात, पण प्रीमियम तुझ्या त्या वेळच्या वयाचा असतो. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय जुनी माहिती उकरून क्लेम नाकारता येत नाही. तिशीच्या आत ही पाच वर्षं सहज निघून जातात. तीन लाखांच्या वरचा खर्च उचलणारा सुपर टॉप-अप विमा स्वस्त पडतो, तोही घे. मात्र नोकरी गेली तर खालचे तीन लाख तुझ्याच खिशातले, हे धरून चाल.

आता अवघड गोष्ट. चाळीस-साठ माणसांच्या ग्रुपमध्ये एकाची बायपास झाली की पुढच्या वर्षीचं कोटेशन फुगतं. विमा कंपनी मागच्या तीन वर्षांचे क्लेम मागते, ब्रोकर ती शीट तुला नावांसकट पाठवतो आणि मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, 'हा फेटलिंग खात्यातला अमुक, ह्याच्यापायी वाढला बघा.' मी हे ऐकलंय, आणि त्यानंतर त्या माणसाची शिफ्ट कशी बदलत गेली तेही पाहिलंय. फाउंड्रीत तर हे जास्तच वाईट. छातीत धूळ साठून दुखणं आलेल्या माणसानं ते दुखणं घरून आणलेलं नसतं. क्लेमची शीट तुझ्या टेबलापुढं नावांसकट जाता कामा नये. आकडे दे, आजाराचे गट दे, नाव देऊ नकोस. मालक विचारेल, थोडा चिडेलही. तेव्हा त्याला सांग की नावं नसली तरी कोटेशन तेच येतं. ते खरंही आहे.

तुझ्या रिन्यूअलला अजून दीड महिना आहे, म्हणजे चौथं कोटेशन मागवायला वेळ आहे. ब्रोकरला फोन करून दोन प्रकारचा हिशेब माग: को-पे काढला तर प्रीमियम किती, आणि आईवडील ठेवून को-पे फक्त त्यांच्या क्लेमला लावला तर किती. दुसरा प्रकार मालकाला बहुतेक परवडेल. येत्या रविवारी दुपारनंतर घरीच आहे मी. जुनी पॉलिसी, तिन्ही कोटेशनं आणि क्लेमची शीट घेऊन ये. शीटवरची नावं तेवढी खोडून आण.

तुझा,
काका