गल्ली रुंद करायची नोटीस लागलीय, हरकती-सूचना लिहून काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की ठाण्यात नौपाड्यातली तुमची 6 मीटरची गल्ली 9 मीटर करायचा प्रस्ताव आलाय, हरकतींसाठी महिनाभराची मुदत आहे, आणि सोसायटीतले म्हणतायत सगळं आधीच ठरलेलं असतं, उगाच कागद कशाला वाया घालवायचा. मी घंटाळीच्या बाजूला 31 वर्षं राहतेय, दोनदा हरकत दिलीय, एकदा चुकीची आणि एकदा बरोबर. माझं सांगणं, लिहा, पण गल्ली मोजून लिहा.

पहिल्यांदा आम्ही काय केलं तर एक पत्र टाईप केलं, "रस्ता रुंदीकरणास आमचा तीव्र विरोध आहे", त्याच्या दोनशे झेरॉक्स काढल्या, दारोदार फिरून सह्या घेतल्या आणि गठ्ठा नेऊन दिला. आम्हाला वाटलं दोनशे हरकती झाल्या. सुनावणीला गेलो तर सगळ्या एकसारख्या म्हणून एकत्र घेतल्या, साहेबांनी शांतपणे विचारलं, नेमकी कुठली जागा, किती जाते, तुम्हाला काय बदल हवाय? आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. दोनशे लोकांची संध्याकाळ मी त्या गठ्ठ्यात घातली होती, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून आधी नोटिशीवर कुठलं कलम आहे ते बघा. महानगरपालिका अधिनियमाचं कलम 210 असेल तर तो रस्त्याच्या नियमित रेषेचा, म्हणजे रस्त्याची कड कुठवर धरायची त्याचा विषय, त्याला स्थायी समितीची मंजुरी लागते आणि मंजुरीआधी लेखी हरकती विचारात घ्याव्याच लागतात. आणि 1966 च्या नगररचना अधिनियमाचं, म्हणजे एमआरटीपीचं कलम 26 असेल तर तो अख्ख्या शहराचा प्रारूप विकास आराखडा, तिथे कलम 28 खाली नियोजन समिती बसते, तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचनेतले जाणकार असतात, ती सुनावणी घेते आणि नंतर आराखडा मंजुरीसाठी राज्य शासनाकडे जातो. दोन्हीकडे पत्राचा विषय वेगळा लिहावा लागतो. कलम 37 असेल तर मंजूर आराखड्यातला किरकोळ फेरबदल, त्यालाही एक महिना मिळतो.

आता 9 मीटरच का, हे समजून घ्या, कारण गल्लीतली निम्मी भांडणं इथेच होतात. डिसेंबर 2020 पासून आपल्याकडे यूडीसीपीआर म्हणजे एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. दाट वस्तीच्या हद्दीबाहेर रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते, 1.10 वरच थांबतं, प्रीमियम (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) नाही. 9 मीटर झाला की त्यात 0.50 प्रीमियमचं आणि 0.40 टीडीआरचं मिळून 2 पर्यंत जातं. म्हणजे 500 चौरस मीटरच्या प्लॉटवर 550 चं 1000. (दाट वस्तीच्या हद्दीत कोष्टक वेगळं आहे, तुमचा प्लॉट कुठे येतो ते आधी विचारून घ्या.) आपल्याकडच्या तळमजला अधिक तीनच्या जुन्या बिल्डिंगांनी ते मूळ 1.10 चं बांधकाम आधीच खाल्लेलं असतं, मग बिल्डरला विकायला काहीच उरत नाही आणि तो फिरकत नाही. स्लॅब गळतोय, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर ऐंशीच्या आजी अडकून पडल्यायत, अशांना हा रस्ता हवाय. आणि समोरच्या दुकानदाराचा ओटा जाणार म्हणून त्याला नकोय. दोघंही खरं बोलतायत. रेषा आखली म्हणजे उद्याच तोडायला येतात असं नाही, बहुतेक वेळा इमारत नव्याने बांधताना तेवढी जागा सोडावी लागते, हे त्याला कोणीतरी बसून समजवायला हवं.

दुसऱ्या वेळी आम्ही मोजूनच लिहिलं. आमच्या शेजारचे काका ओव्हरसियर होते, त्यांनी टेप आणला, रविवारी सकाळी गाड्या हलवून अकरा ठिकाणी गल्ली मोजली. गिरणीपाशी 7.1, विजेच्या डीपीपाशी 5.2, कुठेच सरळ 6 नाही! प्रत्येक जागेचा फोटो काढला, खाली टिका नंबर आणि सीटीएस म्हणजे शहर भूमापन नंबर लिहिला (ठाण्यात प्रॉपर्टी कार्डावर टिका नंबर असतो, तो नसेल तर ऑफिसात जागा सापडायला वेळ जातो). मग दिसलं की रेषा सगळी एकाच बाजूने आखलीय, पूर्वेकडच्या चार बिल्डिंगांची पुढची जागा जाणार आणि पश्चिमेकडे काहीच नाही. तर आम्ही विरोध लिहिलाच नाही, रस्ता हवा पण मधल्या रेषेपासून दोन्हीकडे सारखा घ्या, आणि विहिरीजवळचा पिंपळ वाचेल अशी रेषा वळवा, एवढंच लिहिलं, हाताने काढलेला नकाशा जोडला. पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे, दोघांच्याही सह्या त्या एकाच कागदावर होत्या, आणि माझ्या मते खरं वजन त्याचंच पडलं.

सुनावणीत आठ-दहा मिनिटं मिळाली आणि या वेळी प्रश्न विचारले तर उत्तरं होती. दोन्हीकडून सारखं घेण्याचं मान्य झालं. पिंपळाचं झालं नाही, तो अजून उभा आहे कारण त्याच्या समोरची बिल्डिंग अजून पाडलेली नाही.

तुमच्याकडे महिना आहे म्हणता, तर येत्या रविवारीच मोजा, शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम धावतात. पत्र दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका, आणि सुनावणीची वैयक्तिक संधी मिळावी ही ओळ पत्रात लिहाच, बोलायला कोण जाणार त्याचं नाव आणि मोबाईल नंबरही द्या, नाहीतर कळवलेलं पत्र सोसायटीच्या बंद पेटीत पडून राहतं. आणि जाताना तिसऱ्या मजल्यावरचं कोणीतरी आणि दुकानदार, दोघांनाही बरोबर न्या.