वाचायला काहीतरी कारण हवं

मागच्या महिन्यात आलेल्या पत्रांमधली चार या वेळी घेतली, चारही पहिली-दुसरीच्या वाचनाबद्दल आहेत. मी स्वतः बरीच वर्षं पहिलीचा वर्ग घेतलाय, त्यामुळे उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. पटावर ३१ मुलं आहेत. त्यातली अकरा-बारा मुलं धडा घडाघडा म्हणतात पण बोट भलत्याच ओळीवर असतं. पुस्तकाबाहेरचं एक साधं वाक्य फळ्यावर लिहिलं की सगळी गप्प. बाराखडी रोज म्हणून घेते, तीही तोंडपाठ आहे. काहीतरी वेगळं सुचवा, मुलं कंटाळलीत आणि खरं सांगायचं तर मीही.

उत्तर : ताई, आधी एक सांगते, या मुलांना ढ समजू नका. ज्याला अख्खा धडा ऐकून पाठ होतो त्याचा कान तयार आहे, भाषा तयार आहे, फक्त कागदावरच्या खुणेचा आणि तोंडातल्या आवाजाचा सांधा जुळलेला नाही. आणि तो जुळावा कशाला? धड्यात काय आहे ते त्याला आधीच माहितीये, मग डोळे लावून बघायची गरजच काय. म्हणून पहिली गोष्ट ही की त्याच्या हातात असं काहीतरी द्या जे कुणीच वाचून दाखवलेलं नाही आणि वाचल्याशिवाय कळणारही नाही.

मी चिठ्ठ्या लिहायचे. रात्री पाठकोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापायच्या, मोठ्या अक्षरात एकेक काम लिहायचं आणि सकाळी मुलं प्रार्थनेला गेली की प्रत्येकाच्या बसकराखाली एकेक सरकवायची. ‘खिडकी उघड.’ ‘तीन पानं आण.’ ‘बाईंच्या कानात नाव सांग.’ वाचलं तर काम कळतं, नाही वाचलं तर शेजारचा उठून कुठेतरी गेला आणि आपण बसून राहिलो. माझ्या वर्गात एक मुलगा होता, तोंड उघडायचाच नाही, त्याच्यासाठी मुद्दाम दोनच शब्द लिहिले होते, ‘डबा बघ’. बराच वेळ चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून बोट फिरवत बसला, ओठ हलत होते, ड... बा... डबा... मग एकदम उठला आणि माझ्या टेबलावरचा खडूचा डबा उघडला. आत दोन चिंचा ठेवल्या होत्या. एक त्याने खाल्ली, एक शेजारणीला दिली आणि जागेवर जाता जाता विचारलं, “बाई, उद्यापण लिहिणार?” त्या दिवसापर्यंत त्याने मला आपणहून एक प्रश्न विचारला नव्हता.

३१ चिठ्ठ्या रोज लिहिणं जड जातं हे मला माहितीये, त्यामुळे रोज आठ-दहा मुलांनाच द्या, पाळीपाळीने. महिनाभराने मुलंच एकमेकांना लिहायला लागतात, तेव्हा एक खोकं रिकामं करून त्याची पोस्टाची पेटी करा. चुकीचं लिहितील, लिहू देत. ‘तू माझ्याशि बोल’ मधली वेलांटी लाल पेनाने दुरुस्त केलीत तर दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी असेल.

आता बाराखडीचं. क पासून ज्ञ पर्यंत सगळं एका दमात शिकवलं की मुलाकडे माळ येते पण शब्द येत नाहीत. त्यापेक्षा थोडी अक्षरं आणि एकच खूण घ्या आणि लगेच वाचायला लावा. म, क, र, स, ल ही पाच अक्षरं आणि काना, एवढ्यावर ‘काकाला मका, मामाला रस’ हे अख्खं वाचता येतं. त्यात न घातला की नाक आणि कान आले. पाच अक्षरांत वाक्य वाचता आलं की मुलाचा चेहरा बघा तुम्ही. मग पुढचा गट, मग पुढचा. फलटणला मॅक्सिन बर्नसन बाईंच्या प्रगत शिक्षण संस्थेने मराठी वाचनावर बरंच काम केलंय, तिथेही अक्षरांना अर्थापासून तोडत नाहीत, आणि मला तेच पटतं.

वेलांटीसाठी एक खेळ सांगते, हा माझा फार आवडता आहे. मुलं ‘किती’ला ‘इकती’ वाचतात ना? त्यांची काय चूक, पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर. तर चार मुलं उभी करायची. मधल्या दोघांच्या पाठीवर क आणि त ची कार्डं अडकवायची. क च्या डावीकडे एक मुलगा, तो हात वर करून क च्या डोक्यावर धरतो, ही पहिली वेलांटी. त च्या उजवीकडे एक मुलगी, तिचा हात त च्या डोक्यावर, ही दुसरी. चौघांनी फळ्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करायची, हे विसरू नका, नाहीतर डावं-उजवं उलटं होतं (माझं पहिल्या दिवशी झालं होतं आणि सगळा वर्ग ‘तिकी’ वाचत बसला). मग नियम सांगायचा, वेलांटी उभी राहते आधी पण बोलते नंतर. क ओरडतो ‘क्’, मग वेलांटी ‘इ’. मात्रा असेल तर नुसता हात डोक्यावर, उकार असेल तर पायाशी उकिडवं बसायचं. हे केल्यावर वहीत वेलांटी चुकली की मी काही बोलायचे नाही, नुसता हात वर करायचे आणि पोरं आपली आपण खोडून लिहायची.

प्रश्न : माझा मुलगा पहिलीत आहे. घ आणि ध, भ आणि म यात रोज गोंधळ. बाई म्हणतात घरी दहा-दहा वेळा लिहून घ्या. घेते, तरी तेच. डॉक्टरांना दाखवू का?

उत्तर : घाबरू नका, ही अक्षरं दिसायला खरंच सारखी आहेत आणि पहिलीत बहुतेक मुलांचं हे होतं. दहा वेळा लिहून हात दुखतो, डोळा तयार होत नाही. त्याला जवळ बसवून वरची रेघ दाखवा. घ आणि म ची रेघ सलग आहे, ध आणि भ ची तुटलेली आहे आणि तिथे एक छोटीशी गाठ वळलीये. मराठी पेपरची मोठ्या मथळ्यांची बाजू द्या आणि तुटकी रेघवाले सगळे पेन्सिलीने पकडायला सांगा. ताटात रवा पसरून बोटाने काढू द्या. आणि दोन्ही जुळी अक्षरं एकाच आठवड्यात घेऊ नका, घ ‘घर’मध्ये पक्का बसला की मगच ध. दुसरी संपत आली तरी बरीचशी अक्षरं अशीच राहिली, किंवा तो वाचायचं म्हटलं की रडत असेल, तर मात्र डोळे आणि कान तपासून घ्या आणि तज्ज्ञांना भेटा, थांबू नका.

प्रश्न : मी धारणी तालुक्यात शिक्षक आहे. मुलं घरी कोरकू बोलतात. मला कोरकू येत नाही, त्यांना मराठी येत नाही. पुस्तकातले शब्दच त्यांना परके, वाचन कसं शिकवणार?

उत्तर : सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कोरकू ही मराठीची बोली नाहीच, ती मुंडा कुळातली, म्हणजे संथाळी-मुंडारीच्या घरातली भाषा आहे, त्यामुळे कानावर पडून आपोआप मराठी समजेल असं होत नाही. ज्या शब्दाचा अर्थ माहिती नाही तो मुलाने बरोबर उच्चारला तरी ते वाचन झालं नाही.

तुमच्या शाळेत आहार शिजवणाऱ्या ताई गावातल्याच असतील ना, त्यांना रोज वीस मिनिटं वर्गात बोलवा, आधी विचारून आणि त्यांच्या वेळेने. मुलांना एखाद्या रोजच्या गोष्टीवर चित्र काढायला लावा, मोहफुलं वेचायला गेलो, शेळी व्याली, रात्री पाऊस आला. मूल कोरकूत सांगेल, ताई तुम्हाला समजावतील, आणि तुम्ही ते त्याचंच वाक्य देवनागरीत त्या चित्राखाली लिहा, कोरकूच, मराठी नाही. दुसऱ्या दिवशी तेच त्याच्याकडून वाचून घ्या. ते वाक्य त्याचं आहे, अर्थ त्याला ठाऊक आहे, म्हणजे फक्त खुणा ओळखायचं काम उरलं. काही आठवड्यांनी खाली दुसऱ्या शाईने तेच मराठीत लिहा. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांना दोरा ओवला की वर्गाचं पुस्तक झालं. त्यात प्रत्येक मुलाचं नाव मोठ्या अक्षरात टाका, पोरं आधी स्वतःचं पान शोधतात आणि मग मित्राचं वाचतात.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, पुढे काम कोसबाडला गेलं. वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर त्या शाळाच कुरणात घेऊन गेल्या. तुम्ही तुमची शाळा मुलांच्या भाषेपर्यंत नेताय. आणि रोज पाच शब्द कोरकू तुम्ही मुलांकडून शिका, तुम्ही चुकलात की ती तुम्हाला सुधारतील, मग मराठीत स्वतः चुकायची भीती त्यांना राहत नाही.

प्रश्न : आमच्याकडे वाचनाचा वेग तपासतात. दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द. मुलं घड्याळ बघितलं की अडखळतात. वेग कसा वाढवू?

उत्तर : हे आकडे २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारतचे, म्हणजे लहान मुलांच्या वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या अभियानाचे आहेत आणि तिथे समजून वाचणं हेही तितकंच मागितलंय, ते लोक विसरतात. शिवाय मराठीत ‘मामाच्या घरापासून’ हे दोनच शब्द मोजले जातात, वाचणाऱ्या मुलाचा दम मात्र त्यात चांगलाच जातो, त्यामुळे आकड्याकडे थोडं सैल बघा.

वेग घाई करून येत नाही, तेच पुन्हा वाचून येतो. पण एकच पान दहा वेळा कोण वाचेल? म्हणून ऐकणारा बदला. दुसरीच्या मुलाला एक छोटी गोष्ट द्या आणि सांगा, शुक्रवारी ही पहिलीच्या मुलांना वाचून दाखवायची आहे. तो घरी आजीला वाचेल, रस्त्याने जाताना वाचेल, मधल्या सुट्टीत मित्राला वाचेल. शुक्रवारी लहानी त्याच्यासमोर मांडी घालून बसली की अडखळणं निम्मं झालेलं असतं. संवाद असलेली गोष्ट असेल तर चार मुलांत वाटून द्या, एक कोल्हा, एक कावळा, आवाज बदलून. शुक्रवारच्या त्या तासाला घड्याळ भिंतीवरच राहू दे, हातात घेऊ नका.