छोट्या विमानातून नवरा-बायकोने अख्खा देश ओलांडायचा असेल, तर विमान न चालवणाऱ्याने काय करायचं?

तुम्ही विचारलंय: नवऱ्याने अमेरिकेत खासगी वैमानिकाचा परवाना काढलाय, मित्राबरोबर भागीत एक जुनं सेस्ना घेतलंय, आणि आता तुम्हा दोघांना या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत जायचंय. तुम्हाला विमान चालवता येत नाही. हे कितपत सुरक्षित, खर्च किती, आणि शेजारच्या सीटवर बसून तुम्ही नक्की करायचं काय?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर बरंचसं त्यातच आहे.

आम्ही हा प्रवास २०१६ च्या सप्टेंबरात केला. तेव्हा सॅन होजेला राहायचो. आता ठाण्यात, नौपाड्यात, सासूबाईंजवळ असतो. विमान १९७४ चं सेस्ना १७२, चार सीटचं, एका इंजिनाचं, दीडशे अश्वशक्तीचं. भारतात परतायचं पक्कं झालं होतं, विमान विकावं लागणार होतं. विकण्याआधी ते एकदा नॉर्थ कॅरोलायनातल्या किटी हॉकला न्यायचं, हे नवऱ्याने फार वर्षांपूर्वी मनाशी ठरवलेलं. १७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधू जिथे पहिल्यांदा उडाले ती ही जागा.

मलाही विमान चालवता येत नव्हतं. पण निघण्याआधी दोन महिने मी एका प्रशिक्षकाकडे जाऊन वैमानिकाच्या जोडीदारासाठीचे धडे घेतले. तिकडे त्याला पिंच हिटर म्हणतात. परवान्यासाठी नाही, नवऱ्याला काही झालं तर विमान जमिनीवर आणण्यापुरते. पंख समतल ठेवायचे, रेडिओवर १२१.५ ही संकटकाळची वारंवारता लावून मदत मागायची, ट्रान्सपाँडरवर, म्हणजे जमिनीवरच्या रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, ७७०० हा संकटाचा आकडा टाकायचा, आणि कुणी सांगेल तसं सावकाश खाली यायचं. तुम्ही बाकी काही नाही केलं तरी एवढं करा. माझी भीती पहिल्याच तासात निम्मी झाली, कारण हात मोकळा सोडला तर विमान दगडासारखं पडत नाही, ते आपलं आपण उडत राहतं, हे स्वतःच्या हाताला कळलं.

प्रवासात माझ्याकडे ठरलेली कामं होती. सकाळी टाकीच्या तळातून काढलेलं पेट्रोल उजेडात धरून बघायचं: विमानाचं हे पेट्रोल निळं असतं, आणि पाणी शिरलं असेल तर ते जड म्हणून खाली वेगळं दिसतं. उड्डाणाआधीची यादी मी मोठ्याने वाचायची, नवऱ्याने हात लावून उत्तर द्यायचं. टाकी किती वाजता भरली, किती तास उडलो, हे वहीत लिहायचं. पेट्रोलच्या काट्यावर आम्ही कधीच विसंबलो नाही, घड्याळावर विसंबलो. आमच्या टाक्यांत वापरता येण्याजोगं पेट्रोल सुमारे १४४ लिटर आणि इंजिन ताशी ३० लिटर पिणारं, म्हणजे जवळपास पावणेपाच तासांचा ऐवज. कायद्याने दिवसा अर्ध्या तासाचं शिल्लक असलं तरी चालतं. आम्ही एक तासाचं ठेवत होतो. खरं सांगायचं तर अडीच तासांनी बाथरूमसाठी उतरावंच लागतं, त्यामुळे पेट्रोल हा प्रश्न आम्हाला फारसा आलाच नाही.

बाकी वेळ बाहेर बघायचं. आकाशात दुसरं विमान शोधायला दोन डोळ्यांपेक्षा चार बरे. आणि उड्डाण व उतरणं या दोन्ही वेळी दहा-दहा मिनिटं एक अक्षर बोलायचं नाही. संसारातल्या कुठल्याही विषयाला तेव्हा बंदी. मळमळीवर मला आलेपाकाचा उपयोग झाला. सासूबाईंनी ठाण्याहून पाठवलेला डबा शेवटपर्यंत पुरला. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उडताना विमान फार हलतं, म्हणून आम्ही उजाडता निघायचो आणि अकरा-बारापर्यंत उतरायचो.

आता वेगाबद्दल, कारण इथे सगळ्यांची कल्पना चुकते. आमचं विमान ताशी २०० किलोमीटर जायचं. पुण्याच्या एक्सप्रेसवेवर गाडीला जेवढी मुभा आहे त्याच्या दुप्पट, एवढंच. जाताना वारा पाठीवर होता, तरी हवेतले २४ तास लागले. येताना तोच वारा तोंडावर, तेव्हा २९. एका दिवशी न्यू मेक्सिकोत खालच्या हायवेवरचे ट्रक आमच्या मानाने अगदी सावकाश मागे पडत होते, आणि मी ते बघत तासभर बसले होते.

वाट आम्ही आय-४० या हायवेला धरून आखली. तेहाचापीच्या खिंडीतून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, मग किंगमन, अल्बुकर्की, अमारिलो, पुढे ओक्लाहोमा, आर्कान्सा, टेनेसी. खाली मोठा रस्ता असला की वाट चुकत नाही, आणि इंजिन बंद पडलंच तर जवळपास माणसं असतात. ॲरिझोनात फ्लॅगस्टाफ ओलांडल्यावर उजव्या हाताला उल्कापाताचं विवर दिसतं, जवळजवळ सव्वा किलोमीटर रुंद, जमिनीला कुणी अंगठा दाबल्यासारखं. लग्नानंतर पहिल्या वर्षी आम्ही लोणारला गेलो होतो. लोणार याहून मोठं, सुमारे १.८ किलोमीटरचं, आणि आपल्या काळ्या बेसॉल्टमधलं. तिथे आम्ही काठावर उभं राहून ते एका नजरेत मावत नाही म्हणून हळहळलो होतो. इथे ते पंखाखाली बशीएवढं आलं. नवऱ्याने न विचारता दोन फेऱ्या मारल्या.

पश्चिमेकडच्या उंचीचा अंदाज मात्र नीट घ्या. अल्बुकर्कीच्या ज्या छोट्या विमानतळावर आम्ही उतरलो ती धावपट्टी समुद्रसपाटीपासून ५,८०० फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून उंच. त्यात ऊन ३० अंशांचं असलं की हवा इतकी विरळ होते की इंजिनाला आणि पंखांना आपण ९,००० फुटांवर आहोत असं वाटतं. एरवी जे विमान झटकन उचलतं ते धावतच राहतं. म्हणून आम्ही सामान माणशी बारा किलोंवर आणलं, आणि अशा ठिकाणाहून सकाळचं गार वारं असतानाच निघालो. मी अल्बुकर्कीला हातमागाचा एक गालिचा घेतला होता. तो पोस्टाने घरी पाठवला.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले ते सांगते.

नवऱ्याला किटी हॉकला एका ठरावीक दिवशी पोहोचायचं होतं, त्याच्या बाबांच्या वाढदिवशी. बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तो लहान असताना बाबा त्याला रविवारी ठाण्याहून लोकलने, दादरला गाडी बदलून, सांताक्रूझला न्यायचे आणि तिथून बसने जुहूच्या विमानतळाच्या कुंपणापाशी. ज्या जुहूला १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, तेच जुहू. विमान ही गोष्ट त्याच्यात आली ती त्या कुंपणातून.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आम्ही पूर्व टेनेसीत होतो. समोर स्मोकी पर्वत, पलीकडे नॉर्थ कॅरोलायना. सकाळी आठला निघालो तेव्हा मैदानावर बरं होतं, पण डोंगराच्या माथ्यावर ढग बसले होते. आय-४० तिथे पिजन नदीच्या घळीतून जातो. ढगांच्या खालून, रस्ता धरून, घळीतून पलीकडे निघता येईल असं दिसत होतं. नवरा म्हणाला, "अजून पाच मिनिटं बघू." मी समोर बघितलं. घळीच्या दोन्ही कडा वर पांढऱ्यात नाहीशा झाल्या होत्या, आणि आत गेल्यावर वळायला जागा उरणार नव्हती.

निघण्याआधी घरी जेवणाच्या टेबलावर आमचा एक नियम ठरला होता. दोघांपैकी कुणीही "परत" म्हटलं की विमान वळवायचं. का, कशाला, हे हवेत विचारायचं नाही. जमिनीवर उतरून चहा पिताना विचारायचं. मी "परत" म्हटलं. त्याने त्याच क्षणी डावीकडे वळवलं. पुढची वीस मिनिटं तो बोलला नाही, मीही नाही.

ढगात शिरलं तर काय होतं, हे मी प्रशिक्षकाकडून ऐकलं होतं म्हणून माझ्या तोंडून तो शब्द वेळेवर निघाला. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात बाहेर न बघता नुसत्या विमानातल्या यंत्रांच्या काट्यांवर उडायचं शिक्षण नसलेल्या वीस जणांना ढगात असल्यासारखं उडवून बघितलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. डोळ्यांना क्षितिज दिसेनासं झालं की कानातला तोल खोटं सांगायला लागतो, आणि विमान वळत असताना माणसाला ते सरळ जातंय असं वाटतं. माझा नवरा अत्यंत काळजीपूर्वक उडणारा माणूस आहे, पण त्याच्याकडेही ढगातून उडायचा परवाना नव्हता.

त्या छोट्या विमानतळावर आम्ही तीन दिवस अडकलो. तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी वैमानिकांसाठी ठेवलेल्या जुन्या गाडीची किल्ली हातात दिली, पैसे घेतले नाहीत. अमेरिकेतल्या लहान विमानतळांवर ही पद्धत आहे, जाताना गाडीत पेट्रोल भरून ठेवायचं. मोटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये भात करून आम्ही मेतकूट-भात खाल्ला. पहिल्या संध्याकाळी नवरा आपणहून म्हणाला की तू बोलली नसतीस तर मी आत गेलो असतो. बाबांचा वाढदिवस डोक्यात होता, समोरचे ढग दिसत असूनही दिसत नव्हते.

परत उतरल्याउतरल्या सासूबाईंना फोन केला होता. ठाण्यात तेव्हा दिवेलागणीची वेळ. आम्ही कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनात होतो तोवर सकाळी अकराला उतरलो की इथे रात्रीचे साडेअकरा व्हायचे, आणि निरोप आल्याशिवाय त्या झोपायच्या नाहीत. कालनिर्णयवर प्रत्येक दिवसाच्या चौकोनात आमच्या मुक्कामाचं गाव लिहायच्या: किंगमन, अल्बुकर्की, अमारिलो. नवऱ्याने सांगितलं की बाबांच्या दिवशी पोहोचणार नाही, ढग आहेत, मागे फिरलो. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, "बरं केलंत. जेवलात का?"

चौथ्या दिवशी सकाळी सगळं आकाश धुतल्यासारखं होतं. किटी हॉकला स्मारकाला लागूनच तीन हजार फुटांची छोटी धावपट्टी आहे. विमान बांधलं आणि चालत गेलो. पहिल्या चार उड्डाणांची अंतरं तिथे दगड रोवून दाखवली आहेत. पहिलं बारा सेकंदांचं, १२० फूट. आज आपण मुंबईहून दिल्लीला ज्या एअरबस ए-३२० ने जातो तिच्या लांबीहून कमी. त्याच दिवशीचं चौथं ५९ सेकंदांचं, ८५२ फूट. नवरा ते १२० फूट पावलं मोजत चालला. मग परत आला आणि पुन्हा चालला, खिशातून बाबांचा फोटो काढून हातात धरून.

सुरक्षिततेचं सांगायचं तर प्रवासी विमानाशी याची तुलना करू नका. अमेरिकेत छोट्या खासगी विमानांचे जीवघेणे अपघात दर लाख उड्डाणतासांमागे साधारण एक असे राहिले आहेत, आणि प्रवासी विमानांच्या मानाने हे खूप जास्त आहे. पण यातला मोठा वाटा माणसाच्या निर्णयाचा असतो: हवा खराब असताना पुढे जाणं, पेट्रोल संपणं. तिथे शेजारचं माणूस उपयोगी पडतं. एक छोटी वस्तूही जरूर घ्या, कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं यंत्र. केबिन गरम करणारी हवा धुराच्या गरम नळ्यांभोवतून येते, नळीला चीर गेली तर विषारी वायू आत येतो आणि त्याला वास नसतो.

खर्च: पेट्रोल गॅलनला पाच डॉलरच्या आसपास पडलं, ५३ तासांचं मिळून साधारण २,१०० डॉलर. शिवाय मोटेल, वाटेत एकदा तेल बदलणं. विमा, पार्किंग, वर्षाची सक्तीची तपासणी हे विमान उभं असलं तरी असतंच.

भारतात असं करता येईल का, हे ठाण्यातही लोक विचारतात. परवानगी मिळते, पण इथे आधी उड्डाणाची योजना द्यावी लागते, हवाई संरक्षणाकडून त्या उड्डाणाच्या परवानगीचा क्रमांक घ्यावा लागतो, आणि निळं पेट्रोल मोजक्याच ठिकाणी मिळतं. तिकडे सकाळी चहा पिताना वाट बदलता येते, तसं इथे होत नाही.

आणि दिवस भरपूर हाताशी ठेवा. आम्ही बारा दिवस धरले होते, १९ लागले, त्यातले आठ दिवस विमान दोरांनी बांधून उभं होतं. परत येण्याची तारीख कुणाला सांगू नका, नंतरच्या आठवड्यात भारताचं तिकीट काढू नका. तुमच्या नवऱ्याला तीन आठवड्यांची सुट्टी मिळत नसेल तर यंदा अल्बुकर्कीपर्यंतच जा आणि परत फिरा. उल्केचं विवर वाटेवरच आहे, ते सकाळच्या तिरप्या उन्हात बघा.