परिषदेला येणाऱ्या लोकांना नेमकं काय हवं असतं? पैसे कशावर खर्च करावेत?

तुम्ही लिहिलंय की तुमची व्यावसायिकांची छोटी संघटना मुंबईत दोन दिवसांची परिषद भरवतेय, पैसे मोजके आहेत, आणि ते मोठ्या वक्त्यावर घालायचे, जेवणावर की किट-बॅगवर यावर समितीत वाद चाललाय. मी इव्हेंटच्या कामात आहे आणि बहुतेक वेळ नोंदणीच्या टेबलामागे असतो. माझं मत विचाराल तर आधी मध्यंतरावर खर्च करा.

लोक परिषदेला माणसं भेटायला येतात. फक्त तसं उघड सांगता येत नाही. साहेबाला 'चार ओळखी वाढवायला जातोय' म्हटलं तर रजा मिळेल का? म्हणून येणारा माणूस साहेबाला सत्रांची यादी दाखवतो. तुमची कार्यक्रमपत्रिका ही निम्मी त्याच्यासाठी आणि निम्मी त्याच्या साहेबासाठी असते. त्यामुळे विषय भारदस्त हवेतच, पण त्यावरून सभागृह खच्चून भरेल असं समजू नका. अभिप्रायाच्या फॉर्मवरही फार विसंबू नका. तिथे सगळे वक्त्यांबद्दल आणि पनीरबद्दल लिहितात, कारण प्रश्नच तेवढे असतात.

हे काही मी शोधलेलं नाही. हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन माणसाने एक मोठी परिषद खपून भरवली आणि लोकांना सगळ्यात आवडली ती कॉफीची सुट्टी. त्यातून त्याने १९८५ मध्ये 'ओपन स्पेस' ही पद्धत काढली: विषय आलेल्या लोकांनीच त्याच दिवशी भिंतीवर लावायचे, आणि ज्या गटात आपण काही शिकतही नाही नि देतही नाही तिथून सरळ उठून दुसरीकडे जायचं. पूर्ण परिषद तशी करायला आपल्याकडच्या समित्या धजावणार नाहीत, पण दुसऱ्या दिवशीची दुपार तरी तशी मोकळी ठेवून बघा. आपल्या साहित्य संमेलनातही परिसंवादापेक्षा पुस्तकांच्या गाळ्यांपुढेच जास्त झुंबड असते.

आता मध्यंतरावर खर्च म्हणजे काय? पंधरा मिनिटांच्या सुट्टीत तीनशे माणसं एका चहाच्या टेबलापुढे उभी केली तर सुट्टी रांगेतच संपते. टेबलं चार ठेवा, चारही कोपऱ्यांत, आणि सुट्टी अर्ध्या तासाची करा. उभ्याने बोलता येईल अशी उंच टेबलं ठेवा आणि चार्जिंगचे पॉइंट बाहेरच्या लॉबीत द्या, म्हणजे माणसं तिथे रेंगाळतात. जैन जेवणाचा काउंटर वेगळा आणि ठळक पाटीसह, हे मुंबईत विसरून चालत नाही. गळ्यातल्या बॅजवर नाव मोठ्या अक्षरांत आणि दोन्ही बाजूंना छापा. तो हमखास उलटा होतो, मग समोरचा माणूस दोन मिनिटं नाव आठवल्याचं नाटक करत उभा राहतो.

जागेबद्दल. इथे माणूस प्रवेश फीपेक्षा प्रवासाचा हिशेब आधी करतो. बीकेसीचं जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर देखणं आहे, आणि आरेपासून कफ परेडपर्यंतची मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाल्यापासून बीकेसी गाठणं सोपं झालंय. पण तुमच्या आकाराच्या कार्यक्रमाला ते नाकापेक्षा मोती जड असं होईल. गोरेगावचं नेस्को प्रदर्शन असेल तर ठीक. तुम्हाला यशवंतराव चव्हाण सेंटरसारखी जागा शोभेल, पण ते नरिमन पॉइंटला आहे, म्हणून सकाळी नऊची वेळ ठेवू नका. विरार आणि बदलापूरचा माणूस नऊला येत नाही, येतो तो चिडूनच येतो. साडेदहा बरं. रविवार धरत असाल तर त्या दिवशीचा मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते बघून लोकांना आदल्या दिवशीच मेसेज करा. संध्याकाळी पाचनंतर भाषण ठेवलं तर श्रोते घड्याळ बघतात आणि वक्ता त्यांच्याकडे. अशा वेळी कोणीच खूश नसतं.

मोठ्या वक्त्याचं म्हणाल, तर एक नाव हवं, तेही पत्रिकेवर शोभण्यापुरतं. पण तो भाषण करून तडक गाडीत बसणार असेल तर तेवढ्या मानधनात आपल्याच क्षेत्रातले तीन कामसू लोक बोलवा, जे जेवायला थांबतील. किट-बॅग तर सोडूनच द्या, घरोघरी त्यात आता कांदे-बटाटे असतात.

एक रूक्ष पण महत्त्वाची गोष्ट राहिली. कंपनीच्या नावाने, बरोबर जीएसटी क्रमांकाचं बिल आणि उपस्थितीचं प्रमाणपत्र. तुमचे सदस्य डॉक्टर असतील तर क्रेडिट पॉइंटची, म्हणजे अशा परिषदेला हजर राहिल्याबद्दल मिळणाऱ्या गुणांची, मान्यता आधीच घ्या, कारण डॉक्टर म्हणून असलेल्या नोंदणीच्या नूतनीकरणाला ते लागतात. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलापुढे जी गर्दी होते ती याच कागदांसाठी. ते आदल्या रात्रीच ईमेल केलेत तर तीही माणसं चहाच्या टेबलाकडे जातील.